तीन नंबरचं मशीन

"बाबा, पुन्हा उलटंच फिरून राहिलं हे."

मी ते मशीन टेबलावरून उचलून बाबांच्या समोर धरलं आणि मागची काळी फिरकी उजवीकडे फिरवली. कॅबिन, तिच्यासोबत बूम म्हणजे मशीनचा लांबलचक हात, बूमच्या टोकाची बकेट, सगळं आपलं खुशाल डावीकडे वळलं.

"बराबर आहे," बाबा म्हणाले.

"काय बराबर आहे? चित्रात पाहा ना. फिरकी इकडे तर मशीनही इकडे. हा एवढा मोठा बाण दाखवला आहे. तुमचं तिकडे चाललं."

"बराबर आहे," त्यांनी पुन्हा तेच म्हटलं आणि डाव्या हातानं चहाची बशी ओढली. मी ती बशी त्यांच्या उजव्या हाताशी सरकवली. उजवाच हात वापरायचा, असा हुकूम होता.

हे चौथ्यांदा होत होतं. पाचशे बेचाळीस तुकड्यांचं, पिवळ्या-काळ्या ठोकळ्यांचं खेळण्यातलं शॉवेल. खाणीबाहेरचे लोक त्याला पोकलेन म्हणतील. खोक्यावर छापलं होतं, वय वर्षं दहा आणि पुढे. माझे बाबा, नामदेव देवाळकर, सत्तावन्न वर्षांचे होते आणि त्यातली एकोणीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत खरंखुरं शॉवेल चालवलं होतं. तीन नंबरचं. अशा माणसाला पोराटोरांचं खेळणं सरळ जोडता येऊ नये? मला इतका संताप यायचा की ते खोकं गॅलरीतून खाली भिरकावून द्यावंसं वाटायचं.

डिसेंबरात दुसऱ्या पाळीहून आल्यावर हातपाय धुता धुता बाबा मोरीतच बसले, ते उठलेच नाहीत. उजवी बाजू लुळी पडली होती. नागपूरला नेलं, वाचले. मार्चपर्यंत पाय चालायला लागला, बोलणंही आलं, पण तुटक. हात तेवढा मागे राहिला. भाकर तोडता येईना, शर्टाची गुंडी लावता येईना. खाणीच्या दवाखान्यात फिजिओथेरपीला बिंदू मॅडम होत्या. मूळच्या केरळच्या, पण आमच्याकडे इतकी वर्षं काढली होती की बोलायच्या आमच्यासारखंच. त्यांनी आपल्या मुलाचं जुनं खोकं बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"देवाळकर, हे मशीन बनवायचं. झालं की मोडायचं, पुन्हा बनवायचं. रबरी बॉल दाबून तुम्ही कंटाळले ना? मग हे घ्या. पोरीनं हात लावायचा नाही. रंजू, तू फक्त वहीत लिही. तारीख, किती वेळ लागला, काय चुकलं."

वीस मेला मेडिकल बोर्ड होतं. बोर्डानं फिट म्हटलं की बाबा पुन्हा मशीनवर. अनफिट म्हटलं की बाबा घरी आणि त्यांच्या जागेवर घरातल्या एकाला नोकरी, असा त्या वेळी आमच्या खाणीत कायदा होता. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मला ना भाऊ ना बहीण. घरातलं एक म्हणजे मीच.

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी चार वर्षं बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात होते. कॉलनीतल्या बाया पाणी भरताना म्हणायच्या, "बापाचं झालं ते वाईटच झालं, पण पोरीचं नशीब उघडलं म्हणा." मी फणकाऱ्यानं म्हणायची, "बाबा फिट होणार आहेत. मले नको कोणाची नोकरी." आणि बादली उचलून चालू लागायची. पण घरी येऊन बादली ठेवली की मनातल्या मनात खाणीचा गणवेश घालून पाहायची. खोटं कशाला सांगू? मला ती नोकरी हवी होती. बाबाही बरे व्हायला हवे होते. दोन्ही एकदम होणार नव्हतं आणि त्याचाच सगळा राग मी त्या ठोकळ्यांवर काढत होते.

बाबांना मात्र एकच ध्यास. सकाळी साडेसहाला पहिल्या पाळीची बस कॉलनीत वळली की ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे. "आज तीन नंबरवर कोण असंल?" हे ते रोज विचारायचे. मला काय ठाऊक कोण असेल? मी म्हणायची, "असेल कोणी." मग ते म्हणायचे, "कोणाच्या हाती बसत नाही ते." आणि आत येऊन टेबलाशी बसायचे, कुलरसमोर, आणि बोटं थरथरत असताना एकेक खुंटी भोकात घालायला लागायचे.

पहिल्यांदा जोडायला त्यांना पावणेतीन दिवस लागले. मी शेजारी बसून होते, हात मांडीखाली दाबून. कारण खुंटी भोकाच्या शेजारी चारदा टेकायची, पाचव्यांदा घरंगळून टेबलाखाली जायची आणि माझे हात शिवशिवायचे. पण ते मशीन होतं नामी. खाली दोन पट्टे, पट्ट्यांवर गोल फिरणारी चकती, चकतीवर कॅबिन. मागे दोन फिरक्या. एका फिरकीनं बूम वर-खाली व्हायची. आत एक लांब स्क्रू होता, तो फिरला की त्यावरचा ठोकळा पुढे सरकायचा आणि बूमला ढकलायचा. दुसऱ्या फिरकीनं स्विंग, म्हणजे मशीनचं कमरेतून गोल वळणं. या फिरकीचा दांडा आडवा आणि चकतीचा उभा. दोघांना जोडायला तिरप्या दातांचे दोन गिअर. त्यातला लहान गिअर मोठ्याच्या अलीकडे बसवला तर मशीन एका बाजूला वळतं, पलीकडे बसवला तर बरोब्बर उलट्या बाजूला. चित्रात तो अलीकडे होता. बाबा पलीकडे बसवायचे. दर वेळी. बाकी एक खुंटी चुकायची नाही.

दुसऱ्या खेपेला मी बूमची फिरकी फिरवत होते. बूम पूर्ण वर गेली, तरी मी फिरवतच राहिले, तर आतून कट् कट् कट् आवाज यायला लागला. मला वाटलं, गेलं, दात तुटले.

"तुटलं नाही," बाबा म्हणाले. "रिलीफ आहे ते."

"काय आहे?"

"रिलीफ व्हॉल. लोड जास्त झाला की... सोडून देते. नाही तर मशीन स्वतःलेच मोडून घेईल." त्यांनी बाजूचा ठोकळा काढून आतला एक पांढरा गिअर दाखवला. तो दांड्यावर घट्ट नव्हता, जोर पडला की घसरायचा. "पाह्य. पोट्ट्यायच्या खेळण्यात पण टाकला. हुशार आहे बनवणारा."

ज्याला हे कळतं त्याला अलीकडे-पलीकडे कळत नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. पुस्तक समोर उघडं होतं. लिहिलेलं काही नाही, नुसती चित्रं. मी चित्रावर बोट ठेवून दाखवलं, रागावून दाखवलं, एकदा तर पेन्सिलनं गोल करून ठेवला. बाबा चित्राकडे पाहायचे, मान हलवायचे आणि गिअर नेमका पलीकडे टाकायचे. आणि मी काही म्हटलं की ठरलेलं, बराबर आहे.

वही पाहून बिंदू मॅडमच्या कपाळाला आठी पडली.

"हात मस्त आला आहे. दोन तासांवर आले, शाबास. पण हे दर वेळी स्विंग उलटा का?"

"चुकते त्यांचं," मी म्हटलं.

"एकाच जागी?"

"एकाच जागी."

मॅडम थोडा वेळ वहीची पानं मागेपुढे करत राहिल्या. बाबा बाहेर बाकावर बसले होते, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "हे हाताचं नाही रंजू, हे डोक्याचं वाटते. अटॅकनंतर काही जणांचं डावं-उजवं गडबडते. त्यांचं त्यांना कळत नाही, आपण बरोबरच करतो असं वाटते. खेळण्यात ठीक आहे. तिथं खाणीत शॉवेलच्या आजूबाजूला डंपर असतात, माणसं असतात. मला ही वही बोर्डापुढे ठेवावी लागेल."

"मग अनफिट?" मी विचारलं.

"ते बोर्ड ठरवेल. अजून दिवस आहेत. सुधरेल."

मी अनफिट हा शब्द जरा घाईनंच उच्चारला होता. मॅडमच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे, माझ्या आलं.

तर चौथ्यांदा उलटं फिरलं तो दिवस बारा मे. बाहेर शेहेचाळीस डिग्री, कुलरमधलं पाणी संपलेलं, त्यातून नुसती गरम हवा येत होती. बशी मी उजवीकडे सरकवली, ती बाबांनी पुन्हा डावीकडे घेतली आणि माझं डोकं फिरलं.

"काढा तो गिअर."

"कायले?"

"उलटा आहे म्हणून."

"बराबर..."

"बाबा, बराबर आहे म्हणू नका. आठ दिवसांवर बोर्ड आलं. तिथं डॉक्टरलेही हेच सांगान काय, बराबर आहे म्हणून? मॅडम म्हणतात तुमचं डावं-उजवं गेलं. मी रोज तेच लिहून राहिले वहीत. स्विंग उलटा, स्विंग उलटा. मले लाज वाटते लिहायची."

"मशीनवर बसलो की होते," बाबा सावकाश म्हणाले. "हात आपोआप जातात. तीन नंबर..."

"कोण बसवते तुम्हाला तीन नंबरवर? ठोकळ्याचं मशीन सरळ फिरवता येईना तुम्हाला. आणि बसलेच समजा. तीन वर्षं बसान, रिटायर व्हान. मंग? मी काय जन्मभर लोकायच्या मार्कशीटा झेरॉक्स करत बसू?"

तोंडातून निघून गेलं. बाबांनी बशी उजव्या हातात घेतली आणि खाली ठेवली. बशी ठेवताना हात थरथरला नाही, हे मला तेव्हासुद्धा दिसलं.

"तुले पाहिजे नोकरी?" त्यांनी विचारलं.

"मी तसं नाही म्हटलं."

"मंग कसं म्हटलं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन काही कारण नसताना डबे पुसायला लागले. तिखटाचा पुसला, हळदीचा पुसला. इतका वेळ झाला की मला वाटलं बाबा झोपले असतील. मग बाहेरून त्यांचा आवाज आला.

"रंजू, मोड ते. पुन्हा लावतो मी."

पाचव्यांदा त्यांनी ते अठरा मेला जोडलं. त्या दिवशी मी टेबलाशी बसले नाही, स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. काय भराभर चालला होता त्यांचा हात. खुंटी उचलली की भोकात. पट्टे झाले, चकती झाली, स्क्रू झाला. मग स्विंगचा लहान गिअर त्यांनी चिमटीत धरला आणि दांड्यावर सरकवला. अलीकडे. चित्रात होता तसा. बाबा त्याच्याकडे पाहत राहिले, बरेच पाहत राहिले. मग त्यांनी गिअर अलगद काढला आणि पलीकडे बसवला.

हाती आलेलं त्यांनी सोडून दिलं असं पाहून मला रडूच आलं. रागाचंच रडू होतं ते. म्हणजे मॅडम म्हणतात ते खरं, माणूस डोक्यातून गेला. सरळ काय आणि उलटं काय, समोर असूनही ओळखता येत नाही. मी डोळे पुसून बाहेर आले आणि वहीत लिहिलं: पन्नास मिनिटं. स्विंग उलटा. बाबांनी ते वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली. या वेळी ते बराबर आहे असं म्हणाले नाहीत.

हे मशीन मोडायचं नव्हतं, बोर्डाला दाखवायला न्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करायला न्हाव्याकडे गेले. स्वतःची स्वतः करता आली असती, पण बोर्डापुढे जायचं म्हणून त्यांना कटिंगही हवी होती. ते गेले आणि दहा मिनिटांत गफूरभाई आले. वर्कशॉपचे जुने फिटर, बाबांचे पंचवीस वर्षांचे दोस्त. दोन आंबे टेबलावर ठेवले आणि खुर्चीवर बसता बसता त्यांचा हात मशीनकडे गेला. फिटरच तो, त्याला कसं राहवणार?

बूम वर-खाली केली. कट् कट् ऐकून हसले. मग दुसरी फिरकी उजवीकडे फिरवली. मशीन डावीकडे वळलं. गफूरभाईंनी पुन्हा फिरवली, पुन्हा डावीकडे.

"अरे," ते म्हणाले, "हे तर आपलं तीन नंबर आहे."

"काय?"

"देवाळकरनं बनवलं ना? तेच. तीन नंबरचा स्विंग असाच आहे बेटा, उलटा. तुले नाही माहीत? लई जुनी गोष्ट आहे. स्विंगचे होज, तेलाचे पाइप, फुटले होते, रात्रपाळीवाल्यांनी बदलले अन् घाईत उलटसुलट जोडून टाकले. लिव्हर उजवीकडे दाबला की मशीन डावीकडे. फोरमन म्हणे, पाळी निघू द्या, मंग करू. तेवढ्यात तुझा बाप बसला अन् दोन दिवसांत त्याचा हात बसून गेला. आम्ही सरळ करायला गेलो, तर म्हणे आता नका करू, माझ्या हातून गडबड होईल. दुसरा कोणी बसायलेच तयार नाही, म्हणून मशीन कायमचं त्यालेच देऊन टाकलं. एकोणीस साल झाले."

मी उभीच होते. त्यांनी मला बस म्हटलं तेव्हा बसले.

"मले कधी बोलले नाहीत ते."

"बोलंल काय? त्याच्यासाठी तेच सरळ आहे आता. तू सकाळी उठून कोणाला सांगतं काय, माझा उजवा हात इकडे आहे म्हणून?" गफूरभाई हसले, मग माझं तोंड पाहून थांबले. "काहून, काय झालं?"

मी वहीचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं.

"मंग उद्या डॉक्टरला हे सांग ना. म्हणा, माणूस ठीक आहे, मशीन उलटं आहे. पाहिजे तर म्हणा वर्कशॉपला फोन लावा, गफूर सांगते. मले उद्या पहिली पाळी आहे, नाही तर मीच आलो असतो." ते उठले. दारात पुन्हा म्हणाले, "विसरू नको बेटा. त्याच्या रोजीचा सवाल आहे."

ते गेल्यावर मी मशीन हातात घेऊन बसले. बाबांचं डोकं ठीक होतं. पहिल्या दिवसापासून ठीक होतं. त्यांचे हात त्यांना जे मशीन ठाऊक होतं तेच बनवत होते, आणि मी रोज त्यांच्यावर खेकसून चूक म्हणून वहीत लिहीत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी काय वाटलं ते सांगते. आधी वाटलं, हे गफूरभाई आजच कशाला आले? परवा आले असते तर काय बिघडलं असतं?

बाबा आले. मानेवर पावडर, केस बारीक. टेबलावरचे आंबे पाहून त्यांनी विचारलं, "गफूर आला होता?"

"हो."

"काय म्हणे?"

"काही नाही. उद्याचं चांगलं होऊ द्या म्हणे."

बाबांनी एक आंबा उचलला, नाकाशी धरला, परत ठेवला. "बरं," ते म्हणाले.

बोर्डात तीन डॉक्टर होते. बाबांनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गुंड्या स्वतः लावल्या होत्या. मी कापडी पिशवीतून मशीन काढून टेबलावर ठेवलं, शेजारी वही ठेवली आणि मागे भिंतीशी उभी राहिले. डॉक्टरांनी बाबांना पेन धरायला लावलं, टाचणी उचलायला लावली, पंजा दाबायला लावला. तिघंही खूश दिसले. "चांगली रिकव्हरी आहे," मधला डॉक्टर म्हणाला. मग त्यानं वही उघडली. पाचही पानं वाचली आणि मशीन पुढे ओढलं.

"देवाळकर, उजवा हात वर करा."

बाबांनी उजवा हात वर केला.

"आता ही फिरकी उजवीकडे फिरवा. हं. मशीन कुठे गेलं?"

"डावीकडे."

"कुठे जायला पाहिजे?"

बाबांनी मशीनकडे पाहिलं नाही, डॉक्टरकडेही पाहिलं नाही. त्यांनी खुर्चीतून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते मदत मागताहेत. गफूरभाईंचं सगळं बोलणं माझ्या जिभेवर होतं. माणूस ठीक आहे, मशीन उलटं आहे. एवढे सहाच शब्द होते.

"बराबर आहे साहेब," बाबा म्हणाले आणि मान सरळ केली.

डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्यानं मला विचारलं, "रोज असंच होतं?"

"हो सर."

"पाचही वेळा?"

"पाचही वेळा."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. खोटं मी एक अक्षर बोलले नव्हते. पुढे किती वर्षं मी स्वतःला हेच समजावत राहिले. खोटं बोललेच नाही मी, वहीत होतं तेच सांगितलं.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "ते मशीन घेतलं ना पिशवीत?" मी घेतलं म्हटलं. मग आम्ही रिक्षा करून घरी आलो आणि मी दोन्ही आंबे कापले. बाबांनी चवीनं खाल्ले. माझ्या फोडी मी त्यांच्याच बशीत सरकवल्या.

अनफिटचं पत्र पंधरा दिवसांत आलं. माझी ऑर्डर यायला आठ महिने लागले. आधी स्टोअरमध्ये लागले, नट-बोल्ट आणि पट्टे मोजायला. दीड वर्षानं ऑपरेटर ट्रेनिंगची नोटीस लागली तेव्हा मीच अर्ज केला. साहेब हसले, म्हणाले, शॉवेलवर बाई? मी म्हटलं, देवाळकरची पोरगी आहे. मग हसले नाहीत.

बाबा तोवर घरीच. सकाळी बस वळली की गॅलरीत उभे राहायचेच, पण आज तीन नंबरवर कोण असंल, हे पुन्हा कधी विचारलं नाही. ठोकळ्यांचं मशीन टीव्हीवर होतं, उलट्या स्विंगचं, तसंच. धूळ पुसताना मी फिरकीला हात लागू द्यायची नाही. गफूरभाई बोर्डानंतर पाच-सहा महिन्यांत रिटायर होऊन अकोल्याला लेकाकडे गेले. मधल्या काळात वाटेत दिसले की मी दुसऱ्या रस्त्यानं जायची. किती वेळा ठरवलं, बाबांना आज सांगून टाकायचं. ते जेवायला बसले की सांगायचं, ते चहा पिताना सांगायचं. आणि दर वेळी माझ्या तोंडून निघायचं, भाजीत मीठ बराबर आहे ना?

शॉवेलवरची माझी पहिली पाळी सकाळची होती. मी तयार होऊन बाहेर आले, तर बाबा टेबलाशी बसलेले. टेबलावर रिकामं खोकं आणि मधोमध मशीन, नव्यानं जोडलेलं. चार वाजल्यापासून बसले होते म्हणे. शेवटचा ठोकळा त्यांनी माझ्यासमोर लावला, उजव्या हातानं. हात अगदी ठाम होता.

"इकडे ये," ते म्हणाले. "पाह्य."

त्यांनी फिरकी उजवीकडे फिरवली. मशीन उजवीकडे वळलं. डावीकडे फिरवली, डावीकडे वळलं.

"पुस्तकात आहे तसं लावलं," बाबा म्हणाले. "तुले ट्रेनिंगमध्ये सरळच शिकवलं असंल. असाच हात बसू दे."

मी डबा हातात धरून उभी होते. खाली बस वळल्याचा आवाज आला.

"अन् पाह्य," बाबांनी टेबलावरचं माझं हेल्मेट उचललं, आतला पट्टा ओढून पाहिला आणि ते माझ्या हातात दिलं. "कधी तीन नंबर दिलं, तर ध्यानात ठेव, त्याचा स्विंग उलटा आहे. तुले तर गफूरनं सांगितलंच होतं. न्हाव्याकडून येताना भेटला होता मले."

खाली बसनं हॉर्न दिला.

"जा," बाबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी उशीर बरा नाही."